भंडाऱ्यातले दुसरे मत

मे १९५४ मध्ये भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानाचा आणि तलावांचा हा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मतदारसंघ दुहेरी होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. प्रजासमाजवादी पक्ष आणि बाबासाहेबांचा पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, एकत्र लढत होते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून काही अधिक मतांनी हरले.

युती एक, प्रचार एक, मतदारयादी एक. फेडरेशनच्या मतदारांनी आपले एक मत बाबासाहेबांना दिले आणि दुसरे मेहतांना दिले. मेहतांच्या मतदारांपैकी पुरेशा लोकांनी दुसरे मत बाबासाहेबांना दिले नाही. दलित मतदाराच्या दुसऱ्या मताने सवर्ण उमेदवार दिल्लीला गेला, आणि सवर्ण मतदाराच्या दुसऱ्या मतावाचून दलितांचा नेता घरी राहिला.

हा पराभव महाराष्ट्रात विसरला गेलेला नाही. दर निवडणुकीत तो संसदेपासून चौकसभेपर्यंत निघतो. पण तो निघतो मानापमानाचा विषय म्हणून. कोणी हरवले, कोणी कट केला, कोणाच्या आजोबांनी काय केले. बाबासाहेबांनी स्वतः ज्या गोष्टीवर पंचवीस वर्षे बोट ठेवले होते, ती मात्र या गदारोळात हरवते. ती गोष्ट म्हणजे मतदानाची पद्धत. राखीव जागा कोणाला मिळावी हे ठरवताना त्या समाजाच्या मताला वजन किती, हा त्यांचा प्रश्न होता. भंडाऱ्याने त्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत दिले, आणि सत्तर वर्षांनंतरही आपण त्या उत्तराची दखल घेतलेली नाही. ती आता घेतली पाहिजे, कारण मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याची वेळ पुन्हा जवळ आली आहे.

आधी मुंबईबद्दल बोलायला हवे, कारण भंडाऱ्याआधी दोन वर्षे मुंबईत जे घडले तेच लोकांच्या जास्त लक्षात आहे आणि त्याचाच अर्थ घाईने लावला जातो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, जानेवारी १९५२ मध्ये, बाबासाहेब मुंबई शहर उत्तर या दुहेरी मतदारसंघातून उभे होते. हिंदू कोड बिलाची परवड पाहून त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ सोडले होते. तेव्हाही समाजवाद्यांशी युती होती आणि तेव्हाही जोडीदार अशोक मेहताच होते. समोर काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेसाठी नारायण सदोबा काजरोळकर. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगेही रिंगणात होते.

निकाल असा लागला: गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, डांगे ९६,७५५. बाबासाहेब १४,५६१ मतांनी मागे पडले. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या शेजारचा आकडा कोणी पाहत नाही. मेहताही हरले, ९,३९७ मतांनी. म्हणजे बाबासाहेबांच्या पिछाडीतला जवळजवळ दोन तृतीयांश भाग त्यांच्या सवर्ण जोडीदारालाही भोवला. तो स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीतल्या काँग्रेसच्या ताकदीचा भाग होता. उरतात ५,१६४ मते. तेवढाच काय तो बाबासाहेबांच्या वाट्याला आलेला जादा तोटा.

आणखी एक वजाबाकी करून पाहण्यासारखी आहे. काजरोळकरांना त्यांच्याच पक्षाच्या गांधींपेक्षा ११,००१ मते कमी पडली. आंबेडकरांना मेहतांपेक्षा १६,१६५ कमी पडली. दोन्ही बाजूंना सर्वसाधारण उमेदवाराला मत देऊन राखीव उमेदवाराला वगळणारे मतदार होते. पक्ष कोणताही असो, दुसरे मत दलित उमेदवारापाशी येऊन अडखळत होते. विरोधी बाजूला ते जास्त अडखळले, कारण तिथे उमेदवार जातिव्यवस्थेविरुद्ध उघड उभा राहिलेला माणूस होता.

म्हणून ‘मुंबईने बाबासाहेबांना जातीमुळे पाडले’ हे वाक्य मला अर्धवट वाटते. मुंबईत पक्षाची लाट आणि जात दोन्ही होती, आणि लाट मोठी होती. ज्यांना या इतिहासाबद्दल खरी कळकळ आहे त्यांनी हे मान्य करण्यात काहीच गमावत नाही. उलट मुंबईचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला की भंडाऱ्याचा पुरावा किती ठाम आहे ते दिसते. भंडाऱ्यात लाटेची सबब उरत नाही. तिथे जोडीतला एक जिंकला आणि एक हरला.

मुंबईच्या निकालात आणखी एक गाठ होती. १९५२ साली मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. बैलजोडी, झाड, हत्ती, विळा-कणीस. मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. दुहेरी मतदारसंघात हातात दोन मतपत्रिका. पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा नियम असा होता की एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देता येणार नाही. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत पडल्या तर एकच धरायची, दुसरी बाद. मुंबई शहर उत्तरमध्ये अशा ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्याचे आंबेडकर आणि मेहता यांनी निकालाविरुद्धच्या याचिकेत मांडले. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत ‘कुजवायला’, म्हणजे वाया घालवायला, सांगितल्याचा आरोपही तीत होता. याचिका फेटाळली गेली.

हे ७४ हजार कागद नुसता तपशील नाहीत. त्यातले काही द्वेषाने कुजवलेले असतील, काही पक्षादेशाने, आणि काही प्रेमाने. वरळीच्या किंवा नायगावच्या चाळीतला एखादा गिरणी कामगार, ज्याला साऱ्या उमेदवारांत फक्त एकच माणूस आपला वाटत होता, त्याने दोन्ही कागद हत्तीच्या पेटीत टाकले असतील तर ते अगदी समजण्यासारखे आहे. त्याची भावना दुप्पट होती, आणि कायद्याने ती निम्मी मोजली. त्या कागदांत कोणाचे किती होते ते मतपेटी सांगत नाही. पण चांगल्या पद्धतीने ते सांगायला हवे होते, आणि तसे सांगणारी पद्धत जगाला तेव्हा ठाऊक होती.

तिला एकवटलेली मते म्हणता येईल. मतदाराला जितक्या जागा तितकी मते, पण ती कशी वाटायची ते त्याच्या मर्जीवर. दोन मते दोघांना द्या, नाही तर दोन्ही एकालाच द्या. यात मतदारयादी वेगळी होत नाही, कोणाला कोणापासून तोडले जात नाही, सवर्ण मतदाराचा कोणताच हक्क कमी होत नाही. फक्त संख्येने थोडा असलेला समाज आपली सगळी ताकद एका ठिकाणी लावू शकतो. फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी १९४७ साली बाबासाहेबांनी जे निवेदन तयार केले त्यात स्वतंत्र मतदारसंघांच्या, म्हणजे दलितांचा प्रतिनिधी फक्त दलित मतदारांनीच निवडण्याच्या, मागणीबरोबरच ही मागणी स्पष्ट लिहिलेली आहे.

त्यामागचा अनुभव १९३२ पासूनचा होता. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला तेव्हा बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा स्वीकारल्या. पण करारात एक कलम होते, ज्याची आज फारशी चर्चा होत नाही. राखीव जागेसाठी आधी फक्त दलित मतदारांनी चार जणांची निवड करायची, आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी एक निवडायचा. प्राथमिक निवडणुकीची ही चाळणी दहा वर्षांसाठी होती. ती पुरेशी नव्हती, कारण चौघांत चौथा आलेला माणूसही अखेरच्या फेरीत बहुसंख्यांच्या मतांवर निवडून येऊ शकत होता. तरीही ‘हा माणूस आमच्या पसंतीचा आहे का’ हा प्रश्न निदान एकदा त्या समाजाला विचारला जात होता. प्रजासत्ताकाच्या निवडणूक कायद्यात तो प्रश्न पुसला गेला. संविधान सभेत मद्रासचे एस. नागप्पा यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये एक मधला मार्ग सुचवला होता: राखीव जागेवर निवडून येणाऱ्याला स्वतःच्या समाजाच्या मतांपैकी निदान ३५ टक्के मते मिळालेली असावीत. सरदार पटेलांनी कडाडून विरोध केला आणि नागप्पांनी सूचना मागे घेतली.

पटेलांचा विरोध समजून घ्यायला हवा. फाळणीच्या रक्तपाताच्या त्या महिन्यांत ‘समाजानुसार मते मोजा’ हे ऐकून त्यांना धडकी भरली असेल तर नवल नाही. राखीव जागेवरचा माणूस सर्वांना उत्तरदायी असावा, त्याने सर्वांची मते मागावीत, या विचारातही तथ्य आहे. ज्याला अस्पृश्य म्हणून विहिरीवर येऊ दिले नाही, त्याच्या दारात मत मागायला जावे लागणे हा सवर्ण उमेदवाराला लागलेला मोठा धडा होता, आणि तो संयुक्त मतदारसंघांमुळेच लागला. मी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी करत नाही. पण संयुक्त मतदारसंघ मान्य केल्यावरही मत कसे टाकायचे आणि कसे मोजायचे याचे चार-पाच मार्ग उरतात. आपण त्यातला असा मार्ग घेतला ज्यात थोड्यांचे वजन सर्वांत कमी पडते.

१९५२ सालीच, मुंबई राज्यातच, दुसरी पद्धत काय करू शकते हेही दिसले. जानेवारी १९५२ मध्ये लोकसभेला हरलेले बाबासाहेब एप्रिलमध्ये मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले. विधानसभेत फेडरेशनचे बळ नाममात्र होते. पण राज्यसभेची निवडणूक संविधानाच्या ८० व्या अनुच्छेदाप्रमाणे एकल संक्रमणीय मताने होते. आमदार पसंतीक्रम लिहितो, ठरावीक कोटा पुरा झाला की उमेदवार निवडून येतो, आणि वाया जाणारे मत पुढच्या पसंतीकडे सरकते. त्यामुळे विधानसभेत काँग्रेसचे प्रचंड बहुमत असूनही विखुरलेल्या विरोधी आमदारांना आपल्या मतांपुरती माणसे पाठवता आली. मतदार अर्थातच वेगळे होते, लाखो नागरिकांऐवजी काहीशे आमदार, आणि हा फरक लहान नाही. तरीही बहुमताने अल्पमताची जागा गिळू नये म्हणून संविधानाने राज्यसभेपुरती जी काळजी घेतली, तिचाच फायदा संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना मिळाला. लोकसभेच्या मतदाराला ती काळजी नाकारलेली होती.

भंडाऱ्याच्या प्रचारातली एक गोष्ट आंबेडकरी चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवले की आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगू. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने संविधान लिहिले त्याने मत वाया घालवायला सांगायचे नाही, मग हरलो तरी चालेल, असे ते म्हणाल्याचे सांगतात. ती गोष्ट ऐकताना त्यांच्या निष्ठेने मन भरून येते. पण थोडा विचार केला की त्या पद्धतीची क्रूरताही कळते. राखीव जागेची लढत आंबेडकर आणि बोरकर यांच्यात होती. दलित मतदाराने मेहतांना दिलेले दुसरे मत कुजवले असते तरी आंबेडकरांच्या पारड्यात एकही मत वाढणार नव्हते. फार तर मेहता पडले असते. कायद्याने त्या मतदाराच्या हातात सूड घेण्याचे साधन दिले होते, आपला माणूस निवडण्याचे दिले नव्हते. तीच दोन मते एकवटण्याची मुभा असती, तर आठ हजारांचे अंतर किती टिकले असते याचा विचार ज्याने त्याने करावा.

एकवटण्याची मुभा असती तर प्रजासमाजवादी पक्षालाही वेगळे वागावे लागले असते. दलित मते मेहतांना फुकट मिळणार नाहीत हे ठाऊक असल्यावर, आपल्या मतदाराने दुसरे मत खरोखर आंबेडकरांना द्यावे म्हणून त्या पक्षाला गावोगाव झटावे लागले असते. युतीत देवाणघेवाण बरोबरीची व्हायची तर दोन्ही बाजूंकडे न देण्याचीही ताकद लागते. भंडाऱ्यात ती एकाच बाजूकडे होती.

मग १९५७ चे काय, असे कोणी विचारील, आणि हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने सगळे चित्र पालटले. मध्य मुंबईच्या दुहेरी मतदारसंघातून संयुक्त महाराष्ट्र समितीचे दोघे निवडून आले: कम्युनिस्ट पक्षाचे डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी ज्या डांग्यांच्या मतदारांना दुसरे मत कुजवायला सांगितल्याचा आरोप होता, त्यांच्याच मतदारांचे दुसरे मत आता फेडरेशनच्या उमेदवाराला गेले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड लोकसभेत पोचले. पद्धत तीच, कायदा तोच, आणि दुसरे मत मात्र आले. पुढे १९९८ मध्येही तसे झाले. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून, असे चौघे काँग्रेसशी झालेल्या समझोत्यात निवडून आले, आणि तेही खुल्या जागांवर.

ही उदाहरणे मला मनापासून महत्त्वाची वाटतात. एकत्र लढलेल्या माणसांच्या मनातली भिंत पातळ होते, हे ती दाखवतात. हुतात्मा चौकातल्या गोळीबाराच्या छायेत मतदान केलेल्या मुंबईकराने माने कोणत्या जातीचे ते पाहिले नाही. बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ ला निधन झाले, त्यांना हे पाहायला मिळाले नाही, याची हळहळ कायम राहील. परंतु लाट ओसरली की काय उरते, हा माझा प्रश्न आहे. समिती फुटली, आणि १९९८ चा समझोता पुढच्याच वर्षी टिकला नाही. एका समाजाला संसदेत स्वतःच्या पसंतीचा माणूस पाठवता येणे हे शेजाऱ्याच्या त्या वर्षीच्या सद्भावनेवर सोडायचे असेल, तर त्याला हक्क म्हणता येत नाही.

राखीव जागांच्या या मांडणीबद्दल बाबासाहेबांचा भ्रमनिरास किती खोल होता ते १९५५ मध्ये दिसले. फेडरेशनच्या कार्यकारिणीने त्या वर्षी संसद, विधानसभा आणि स्थानिक संस्थांतल्या राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. आज हा ठराव अनेकदा आरक्षणाचे विरोधक पुढे करतात, आणि त्यातली नोकऱ्या-शिक्षणाची बाब वेगळी होती हे सांगायचे टाळतात. त्या ठरावाचा रोख सरळ होता. दुसऱ्यांच्या मतांवर निवडून येणारा, दुसऱ्यांच्या पक्षशिस्तीत गप्प बसणारा प्रतिनिधी मिळणार असेल, तर ती जागा असून नसल्यासारखी. काजरोळकर किंवा बोरकर यांची हेटाळणी करण्याने हा मुद्दा पुढे जात नाही. तेही त्याच समाजघटकांतले होते, त्यांनाही दलितांची मते मिळालीच असतील, आणि चांभार, मांग, महार हे सगळे एका नेत्यामागे एकजीव होते असा दावा इतिहासाला धरून होणार नाही. मुद्दा असा की त्यांना स्वतःच्या लोकांनी निवडले की इतरांनी, हे कळण्याची सोयच त्या पद्धतीत नव्हती.

दुहेरी मतदारसंघ पुढे गेले, पण वेगळ्याच कारणाने. १९५२ च्या लोकसभेत ४८९ जागा होत्या आणि मतदारसंघ ४०१. त्यातले ८६ दुहेरी आणि उत्तर बंगालचा एक तिहेरी. १९५७ मध्ये दुहेरी ९१ झाले. त्या वर्षी आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये माजी केंद्रीय कामगारमंत्री आणि पुढे राष्ट्रपती झालेले वराहगिरी व्यंकट गिरी सहाशेहून कमी मतांनी हरले. तिथे राखीव जागा अनुसूचित जमातींसाठी होती. सर्वाधिक मते मिळालेले दोन्ही उमेदवार आदिवासी होते. एकाला राखीव जागा मिळाली आणि दुसऱ्याला, सुरी डोरा यांना, सर्वसाधारण. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राखीव समाजाच्या माणसाला सर्वसाधारण जागाही जिंकता येते, असा निकाल १९५९ मध्ये त्यांच्या विरोधात लागला. दोन वर्षांत, १९६१ साली, संसदेने कायदा करून दुहेरी मतदारसंघ बंद केले. मतदारसंघ फार मोठे होतात, खर्च परवडत नाही, अशी कारणे होती आणि ती खरीही होती. तरी क्रम नजरेआड करता येत नाही. दलितांचा सर्वांत मोठा नेता दोनदा हरला तेव्हा पद्धत बदलली नाही. एका आदिवासीने सर्वसाधारण जागा जिंकली, आणि पद्धत बदलली.

एकेरी राखीव मतदारसंघांनी जुनी अडचण सोडवली नाही, तिची जागा बदलली. आज लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ जागा आहेत. महाराष्ट्रात पाच: अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. या जवळजवळ सर्व ठिकाणी अनुसूचित जातींचे मतदार अल्पसंख्य आहेत. सगळे उमेदवार दलित, पण निवड करणारे बहुतांश इतर. साहजिकच प्रत्येक मोठा पक्ष असा माणूस शोधतो ज्याच्याबद्दल गावच्या बड्या मंडळींची तक्रार नाही. अत्याचाराच्या प्रकरणात ठाम बोलणारा, गायरानाच्या जमिनीसाठी मोर्चा काढणारा कार्यकर्ता त्या चाळणीतून खाली पडतो. दुसरीकडे इतर समाजांना वाटते की आमचा मतदारसंघ आमच्या हातून गेला, पुढच्या पुनर्रचनेपर्यंत आमच्यातल्या कोणाला उभेही राहता येणार नाही. दुहेरी मतदारसंघात निदान ही दुसरी कटुता नव्हती, कारण प्रत्येक ठिकाणी एक खुली जागा होतीच.

आता वेळेचा मुद्दा. लोकसभा-विधानसभेतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत सध्या जानेवारी २०३० पर्यंत आहे. राज्याराज्यांतली लोकसभेच्या जागांची वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या जागांचाही तिसरा हिस्सा आहे. म्हणजे नकाशा पुन्हा हातात घ्यावा लागणारच आहे. उत्तरेला किती जागा, दक्षिणेला किती, यावर सगळे भांडण चालले आहे. एका जागेवर मत कसे मोजायचे यावर कोणी बोलत नाही.

लोकसभेचे दुहेरी-तिहेरी मतदारसंघ लगेच परत आणा असे मी म्हणणार नाही. आजच्या लोकसंख्येत ते अवाढव्य होतील. पण महाराष्ट्राला सुरुवात करायला जागा आहे, आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहायला नको. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग रुळले आहेत. २०१७ साली पुण्या-नागपुरात एकेका मतदाराने चार-चार बटणे दाबली. आज अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी वेगळी लढत होते, त्यामुळे बलाढ्य पक्षाचे पॅनेल चारही जागा घेऊन जाते आणि प्रभागातल्या तिसऱ्या हिश्शाच्या मतांना काहीच हाती लागत नाही. कायद्यात बदल करून चारही मते मतदाराच्या मर्जीवर सोडता येतील. राखीव जागा आधी भरायची, त्या गटातल्या सर्वाधिक मतांच्या उमेदवाराने. उरलेल्या जागा पुढच्या मतांप्रमाणे. हा हिशेब १९५२ सालीच आपल्या अधिकाऱ्यांनी हाताने केला होता.

लोकांना हे कळणार नाही, असे सांगणारे भेटतात. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत हजारो-लाखो मतदार पसंतीक्रम लिहितात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १८७० पासून १९८० पर्यंत आपले कनिष्ठ सभागृह एकवटल्या मतांनी निवडले. अलाबामात चिल्टन काउंटीने कृष्णवर्णीय मतदारांच्या हक्काच्या खटल्यानंतर १९८८ मध्ये हीच पद्धत घेतली, आणि तिथल्या छोट्या कृष्णवर्णीय समाजाचा माणूस पहिल्यांदा काउंटीच्या मंडळावर बसला. मतदारयादी एकच राहिली. इलिनॉयच्या शेतकऱ्याला जे शंभर वर्षांपूर्वी जमले ते भंडाऱ्याच्या धान-उत्पादकाला आणि विडी कामगाराला जमणार नाही, असे मानणे मला पटत नाही.

जातीवर मतदान वाढेल, हा दुसरा आक्षेप. ते आज कमी आहे का? आज ते उमेदवारीच्या वाटपातच होऊन जाते, मतदाराला विचारण्याआधी. एकवटलेल्या मतांत निदान मतदाराला पर्याय राहतो. सफाई कामगारांची वस्ती चार मते आपल्या माणसाला देईल, किंवा दोन त्याला आणि दोन पाणीप्रश्नावर लढणाऱ्या शेजारच्या वस्तीतल्या बाईला. भाडेकरू, झोपडपट्टीवासी, एखाद्या गटारयोजनेविरुद्ध उभी राहिलेली सोसायटी, हेही थोड्या संख्येचे गट आहेत. या पद्धतीचा लाभ त्यांनाही होईल, आणि विरोध सर्वांत जास्त पॅनेल उभे करणाऱ्या पक्षांकडून येईल, मग ते कोणत्याही रंगाचे असोत. त्यांच्यातले प्रत्येक जण १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करतात. पुढच्या पालिका निवडणुकांआधी त्यांच्या प्रत्येक उमेदवाराला सभेत उभे राहून विचारायला हवे की एकवटलेल्या मतांच्या दुरुस्तीला तुमचा पक्ष विधानसभेत हात वर करणार की नाही.